रिफ्लेक्टर लावून झाले, आता हूक कोण बघणार?

गळीत हंगाम तोंडावर आलाय. पुढच्या काही दिवसांत आपल्याला नेहमीचे फोटो बघायला मिळतील. बॉयलर अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी टाकणारे मान्यवर आणि चौकात उभं राहून ऊसाच्या ट्रॉलीला लाल-पिवळे रिफ्लेक्टर चिकटवणारे अधिकारी. रिफ्लेक्टर लावायलाच पाहिजेत. अंधारात मागून येऊन धडकणारे दुचाकीवाले त्यानं वाचतात, त्याबद्दल वाद नाही.

पण रिफ्लेक्टर असतो ट्रॉलीच्या मागं. ऊस वाहतुकीतला एक मोठा धोका असतो ट्रॉलीच्या पुढं, ट्रॅक्टर आणि ट्रॉली जिथं जोडली जाते तिथं. हूक, पिन आणि दांडा. तिथं वाकून बघणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो मी इतक्या वर्षांच्या पत्रकारितेत एकदाही पाहिलेला नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या गावाबाहेर कॅनॉलचा पूल आहे. पुलावर जायला चढ आहे आणि चढ संपता संपता रस्ता उजवीकडं वळतो. सकाळी साडेसातला डबल ट्रॉलीचा एक ट्रॅक्टर त्या चढाला लागला. वळणाच्या तोंडावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली. ड्रायव्हरनं स्टेअरिंग फिरवलं, पण हवेतलं चाक वळून काय करणार? त्यानं उजवा ब्रेक दाबून ट्रॅक्टर वळवायचा प्रयत्न केला, त्यात इंजिन बंद पडलं आणि सगळा लवाजमा मागं घसरायला लागला. मागची ट्रॉली आडवी झाली, कलंडली. तिच्या मागं एक दूधवाले काका मोटारसायकलवर कॅन बांधून निघाले होते. त्यांच्या अंगावर ऊस पडला.

काका वाचले. उजवा पाय मात्र गेल्यासारखाच आहे. आज काठी घेऊन चालतात. रतीब त्यांच्या बायकोनं सांभाळलाय, पहाटे ती चालत घरोघर दूध घालते.

दुसऱ्या दिवशी सगळीकडं छापून आलं, "चालकाचा ताबा सुटल्याने ट्रॉली पलटी, तीन तास वाहतूक ठप्प." पंचनाम्यातही तेच शब्द.

"ताबा सुटला" या दोन शब्दांबद्दलच मला आज लिहायचंय. कारण त्या पोराच्या हातात ताबा होताच कुठं? पुढची चाकं जमिनीला टेकलेली नसताना स्टेअरिंग म्हणजे नुसतं धरायला दिलेलं कडं.

थोडा हिशोब करू. शाळेतलंच गणित आहे, कंटाळू नका.

५० एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर स्वतः साधारण सव्वादोन टनाचा असतो. त्यातलं जास्त वजन मागच्या मोठ्या चाकांवर. पुढच्या चाकांवर येतं साधारण आठ-साडेआठशे किलो. ट्रॅक्टर नीट वळायचा असेल तर त्याच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. म्हणजे साडेचारशे किलो. त्याखाली गेलं की ट्रॅक्टर ऐकत नाही.

आता मागं दोन ट्रॉल्या. ऊस २० टन धरा, ट्रॉल्यांचं वजन चार टन धरा. झाले २४ टन. पुलाचा चढ वीस फुटाला एक फूट असला, तर नुसत्या चढामुळं १२०० किलोची जादा ओढ हूकवर येते. हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दोन मीटर असेल, तर या ओढीनं पुढच्या चाकांवरचे ३०० किलो उठतात. सपाट रस्त्यावरही ट्रॉली ओढायला जोर लागतोच, तो वेगळा. आता तोच हूक पाऊण मीटरवर नेला, तर ३०० चे ४५० होतात. शिल्लक काय राहिलं ते तुम्हीच बघा. वर एखादा खड्डा आला, क्लच जरा झटक्यात सुटला, की ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा.

म्हणजे हूक एक वीत वर की खाली, यावर माणूस वाचतो की मरतो हे ठरतं. कंपनी ट्रॅक्टरला हूकची जागा ठरवून देते ती याचसाठी. पण ट्रॉलीचा दांडा उंच पडला, की गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात एक जाड पाटी जोडून हूक वर घेतला जातो. कुठं पिनच्या जागी सळईचा तुकडा, कुठं पिनला लॉकच नाही. मी मागच्या हंगामात एका यार्डात उभ्या ट्रॉल्यांच्या रांगेतून सहज चालत गेलो. लॉकच्या जागी तार गुंडाळलेल्या पिना दिसल्या, चपलेचा पट्टा बांधलेली एक दिसली. ट्रॉली निसटलीच तर धरून ठेवणारी साखळी एकाही ट्रॉलीला नव्हती.

ड्रायव्हर लोकांना हे कळत नाही असं समजू नका. यार्डात नंबर लावून बसलेला एक पंचविशीतला पोरगा मला म्हणाला, "दादा, चढाला फुडची चाकं टेकतच न्हाईत. आमी ब्रेकावरच वळवतो." ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात झटकन वळायला ती सोय आहे. रस्त्यावर दोन्ही पेडल एकत्र अडकवून ठेवायची असतात. पण पुढचं चाक ऐकत नसल्यानं हे पोरगे पेडल सुटीच ठेवतात. मग उतारावर घाईत एकाच पेडलवर पाय पडला, की ट्रॅक्टर गर्रकन आडवा. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. २४ टन मागून ढकलतात आणि थांबवायला सव्वादोन टनाचा ट्रॅक्टर. चढाला उभा राहतो, उताराला दुमडतो.

पुढं वजन यावं म्हणून काय काय करतात तेही सांगतो. बंपरवर लोखंडी वेट लावतात, ते बरोबर आहे, कंपनीच देते. पण ते पुरत नाही, मग दगडांची पोती बांधतात. आणि चढ आला की टोळीतली दोन पोरं बंपरवर उभी करतात! पंधरा-सोळा वर्षांची पोरं, वजन म्हणून. ट्रॅक्टर पुढं आपटला किंवा ती खाली पडली, तर पहिली चाकाखाली तीच येणार.

हे सगळं नवीन आहे का? आमच्या गल्लीतले एक तात्या ऐंशीच्या पुढचे आहेत. आयुष्यभर बैलगाडी हाकली. त्यांना हा प्रकार सांगितला तर म्हणाले, "आरं, गाडी उलाळ झाली म्हणायची. आमी मोळी भरतानाच बघायचो. मागं जास्त झालं की जू वर जातंय, बैलाच्या गळ्याला फास. फुडं जास्त झालं की मान मोडती. चढ असला की मोळ्या जरा फुडं सारायच्या, उतार असला की मागं. बैल बोलत न्हाई म्हणून आमालाच कळाय पायजे." शाळा दुसरी. पण भार कुठं ठेवायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण चूक झाली तर बैल त्यांचाच जाणार होता.

सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ऊसाच्या बैलगाडीच्या दांड्याखाली एक आधाराचं फिरतं चाक बसवलं होतं, आठवत असेल. बैलांच्या मानेवरचा भार कमी व्हावा म्हणून. तो फोटो देशभर फिरला, आपण सगळ्यांनी कौतुक केलं. कौतुक योग्यच होतं. बैलाच्या मानेचा विचार झाला. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या मानेचा मात्र कुणी करत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या एका वर्गमित्रानं मध्यंतरी मला त्याच्या घरगाडीचा व्हिडिओ पाठवला. तिकडं लोक जीपच्या मागं राहायची खोली जोडून सुट्टीला जातात. त्या खोलीच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार जीपच्या हूकवर येतो. जीपचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात. म्हणजे आपलाच आजार. त्यावर त्यांनी वजन वाटून देणारा हूक काढलाय. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या असतात, त्या ताणून बसवायच्या. ढकलगाडीचे दांडे उचलले की पुढच्या चाकावर भार जातो ना, तसा या पट्ट्यांच्या ताणानं मागचा भार थोडा जीपच्या पुढच्या चाकांवर आणि थोडा घरगाडीच्या चाकांवर जातो.

मला त्यात जास्त आवडली ती पुढची गोष्ट. हा हूक सरळ रस्त्यावर उत्तम चालतो. पण घराच्या आवारात शिरताना रस्ता एकदम चढतो, जीप वर, घरगाडी अजून खाली, मधला सांधा दुमडतो. त्या वेळी ताणलेल्या पट्ट्यांवर बेसुमार जोर येतो, काहीतरी वाकतं नाहीतर तुटतं. म्हणून तीव्र चढाच्या आवारात शिरण्याआधी माणूस खाली उतरतो आणि पट्ट्या ढिल्या करतो. गाडीचं डोलणं रोखायला घर्षणाचा दांडा लावला असेल, तर गाडी मागं घेण्याआधी तोही काढून ठेवतो, कारण वळताना तो वाकतो. एवढी महागडी जोडणी, पण वळण आणि चढ आला की माणूस थांबतो, उतरतो, बघतो, मग पुढं जातो.

हा हूक आपल्या ट्रॉलीला बसवा, असं मी अजिबात म्हणत नाही. तो २४ टनासाठी नाहीच. उगाच कुणी वेल्डिंगच्या दुकानात जाऊन नवीन जुगाड करू नका. मला घ्यायचाय तो विचार. सुट्टीला निघालेल्या चार माणसांच्या गाडीत भार कुठं बसतो, याचा इतका विचार होतो. आपल्याकडं हंगामभर, रात्रंदिवस, शाळा-बाजाराच्या रस्त्यावरून जाणाऱ्या २४ टनाचा होत नाही.

का होत नाही? इथं खरी गोम आहे.

वाहतूकदाराला पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ट्रॅक्टरचा हप्ता ठरलेला, डिझेल ठरलेलं, टोळीला दिलेली उचल अडकलेली. मुकादम पळाला तर ती बुडालेलीच. त्यात यार्डात नंबर लागायला कधी कधी अख्खी रात्र जाते. दिवसाला जिथं दोन खेपा व्हायला पाहिजेत तिथं एकच होते. मग तो एका खेपेत दोन खेपांचा माल भरतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही भरला असता. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या ऊस बिलातूनच वजा होतो, त्यामुळं दर वाढवा म्हटलं की शेतकरी चिडतो, आणि त्याचंही चुकत नाही.

आता कायदा बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, असं लिहिलंय. एका संबंधित अधिकाऱ्यांना मी विचारलं, कारवाई का होत नाही? ते म्हणाले, "मनुष्यबळ नाही, रस्त्यावर वजनकाटा कुठून आणायचा?"

साहेब, वजनकाटा आहे की! प्रत्येक कारखान्याच्या दारात आहे. भरलेला ट्रॅक्टर त्यावर चढतो, रिकामा परत चढतो, फरक नोंदला जातो, पावती निघते. त्याच पावतीवर शेतकऱ्याचं बिल निघतं आणि वाहतूकदाराचंही. कुठल्या ट्रॅक्टरनं, कुठल्या तारखेला, किती टन आणले, ही नोंद हंगामातल्या प्रत्येक खेपेची कॉम्प्युटरमध्ये आहे. रस्त्यावर कुणी उभं राहायची गरजच नाही. रोज संध्याकाळी यादी काढली तरी पुरे. जो काटा पैशासाठी चालतो, तो माणसाच्या जिवासाठी का चालत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. दूधवाल्या काकांच्या पंचनाम्यात "ताबा सुटला" असं लिहिण्याआधी त्या ट्रॅक्टरच्या आधीच्या दहा खेपांच्या पावत्या कुणी मागवल्या होत्या का?

नुसता दंड ठोकूनही भागणार नाही, हे मलाही कळतं. दंड भरणार तो वाहतूकदार, म्हणजे परत हप्त्यात अडकलेलाच माणूस. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आत चार गोष्टी करा, असं मी सगळ्या कारखान्यांच्या शेती विभागाला आणि तालुका प्रशासनाला जाहीर सांगतोय.

१) वाहतुकीचा करार करतानाच ट्रॅक्टर-ट्रॉली यार्डात बोलवा. हूक कंपनीनं दिलेल्या उंचीवर आहे का, पिन आणि तिचं लॉक आहे का, सुरक्षेची साखळी आहे का, दोन्ही ब्रेक पेडल जोडायची पट्टी शाबूत आहे का, हे बघा. दहा मिनिटांचं काम आहे. रिफ्लेक्टर चिकटवायला माणूस मिळतो, तर वाकून बघायलाही मिळेल.

२) ठरावीक वजनाच्या वर आलेल्या मालाचं वाहतूक बिल काढू नका. शेतकऱ्याला त्याच्या ऊसाचे पैसे पूर्ण द्या, पण जादा टनाचं भाडं शून्य. जास्त भरण्यात फायदाच उरला नाही, की कोण भरेल?

३) यार्डातला मुक्काम कमी करा. चिटबॉयनं तोडीच्या चिठ्ठ्या यार्डातली गर्दी बघून दिल्या, तर रात्र-रात्र थांबावं लागणार नाही. खेपा वाढल्या की एका खेपेतलं ओझं आपोआप उतरेल.

४) तालुक्यात चढ आणि वळण एकत्र येतात अशा जागा मोजक्या आहेत. तिथं डबल ट्रॉली एकत्र चढवायला बंदी घाला. दुसरी ट्रॉली पायथ्याला सोडायची, पहिली वर न्यायची, परत येऊन दुसरी न्यायची. त्यासाठी पायथ्याला जागा आणि टोचन करायला कारखान्याचा एक जादा ट्रॅक्टर हंगामभर उभा ठेवा. चार-पाच महिन्यांचा खर्च एका दवाखान्याच्या बिलापेक्षा जास्त वाटत असेल, तर काकांचं बिल मी दाखवतो.

ड्रायव्हर भावांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. चढाच्या आधीच लहान गिअर टाका, मध्यावर बदलायला जाऊ नका. उताराला न्यूट्रल करून वाचलेलं डिझेल कुणाच्या कामाचं नाही. रस्त्याला लागलात की दोन्ही ब्रेक जोडा. पुढची चाकं उचलायला लागली तर तो ट्रॅक्टरचा रुबाब नव्हे, जादा भरल्याची खूण आहे. ते रील करून टाकायचं दृश्य नाही. आणि बंपरवर पोरं उभी करू नका, हात जोडून सांगतो.

दुचाकीवाल्यांनी चढावर ऊसाच्या ट्रॉलीच्या मागं चिकटून जाऊ नये. ती वर पोचेपर्यंत खालीच थांबा, दोन मिनिटं जातील. वळणावर आतल्या बाजूनं तर कधीच घुसू नका. पहिल्या ट्रॉलीपेक्षा दुसरी आणखी आतून वळते. ट्रॅक्टर गेला, जागा आहे असं वाटतं, आणि तेवढ्यात मागची ट्रॉली तुम्हाला कठड्याला दाबते. शाळेला सायकलवर जाणाऱ्या पोरांना ही गोष्ट आजच घरी सांगा.

आणि आता तुमच्याकडून एक काम हवंय. आपापल्या गावाजवळ चढ आणि वळण एकत्र असलेली जागा कमेंटमध्ये लिहा. पूल, कॅनॉल, ओढा, गावाची वेस, जे असेल ते. जमलं तर फोटो टाका, पण ट्रॅक्टरचा नंबर आणि ड्रायव्हरचा चेहरा टाकू नका, आपल्याला त्या पोरांना अडकवायचं नाहीये. आठवडाभरात येतील तेवढ्या जागांची यादी करून मी ती तहसीलदार कार्यालयात, पोलीस ठाण्यात आणि तालुक्यात ऊस नेणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या शेती विभागात लेखी देणार आहे, पोच घेऊन. पोच घेतलेल्या प्रती इथंच टाकीन.

म्हणजे या हंगामात त्यातल्या एखाद्या जागी काही झालं, तर कुणालाही पंचनाम्यात "ताबा सुटला" एवढंच लिहून मोकळं होता येणार नाही. ताबा कुणाकडं होता, हे कागदावर असेल.

यादीतली पहिली जागा मी लिहितो. आमच्या गावाबाहेरचा कॅनॉलचा पूल, उजवं वळण. पुढची तुम्ही लिहा.